शतायुषी खाजगी धरणे : भिंतीची जबाबदारी कोणाची?

पावसाळा सुरू होताच लोणावळा, मावळ आणि मुळशी या परिसरात पर्यटकांची रीघ लागते. धुक्यात हरवलेले डोंगर, कड्यांवरून कोसळणारे धबधबे आणि तुडुंब भरलेले जलाशय पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून हजारो लोक येथे येतात. मात्र ज्या जलाशयांच्या काठी ही गर्दी जमते, त्यांतील अनेक जलाशयांची धरणे शासनाच्या मालकीची नसून एका खाजगी कंपनीच्या मालकीची आहेत, ही बाब बहुसंख्य पर्यटकांना ठाऊक नसते. वळवण, शिरवता, ठोकळवाडी आणि मुळशी ही धरणे टाटा पॉवर कंपनीची असून त्यांनी वयाची शंभरी ओलांडली आहे किंवा ती त्या टप्प्याच्या जवळ आहेत. दगड आणि चुन्यात बांधलेल्या या भिंती आजही वीजनिर्मितीसाठी वापरल्या जातात.

भारतात सहा हजारांहून अधिक मोठी धरणे असून त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे दोन हजारांहून अधिक धरणे एकट्या महाराष्ट्रात आहेत. त्यांतील बहुतेक सर्व धरणे राज्य शासनांच्या अखत्यारीत येतात. खाजगी मालकीची मोठी धरणे हा आपल्या देशात अपवाद आहे. अशा धरणाची भिंत जुनी झाल्यास तिची देखभाल कोणी करावयाची, तिच्यापासून खालच्या वस्तीस धोका निर्माण झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे आणि जलाशयाच्या काठी येणाऱ्या पर्यटकांच्या सुरक्षिततेचे काय, हे प्रश्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात.

धरणे बांधली कशासाठी?

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत असत. कोळसा दूरवरून आणावा लागे आणि त्याच्या धुराने शहर काळवंडून जाई. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याच्या बळावर वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेदजी टाटा यांनी उचलून धरली. त्यांचे १९०४ मध्ये निधन झाले. त्यांचे पुत्र दोराबजी टाटा यांनी ही योजना पुढे नेली आणि १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना करण्यात आली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यानजीक कामाची कोनशिला बसवण्यात आली. खोपोली येथील वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले.

त्यानंतर आंध्रा खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह १९२२ मध्ये आणि मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. या तिन्ही योजना प्रारंभी स्वतंत्र कंपन्यांच्या होत्या. सन २००० मध्ये त्यांचे टाटा पॉवर या एकाच कंपनीत विलीनीकरण झाले.

या योजनेचे तत्त्व सोपे आहे. घाटमाथ्यावरील नद्या स्वाभाविकपणे पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात वाहतात. त्यांचे पाणी माथ्यावर अडवले जाते आणि बोगदे व पोलादी नळांमधून पश्चिमेकडे, कोकणात सोडले जाते. सुमारे पाचशे मीटर उंचीवरून येणाऱ्या या पाण्याच्या दाबाने वीजगृहातील चक्रे फिरतात. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या तीन ठिकाणची एकत्रित क्षमता सुमारे ४४७ मेगावॅट असून त्यांपैकी ३०० मेगावॅटचा वाटा भिऱ्याचा आहे. वीज निर्माण करून झालेले पाणी पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिका या नद्यांना मिळते व तेथील शहरांची आणि उद्योगांची तहान भागवते.

जमीन कोणाची होती?

धरणाच्या भिंतीखाली आणि जलाशयाच्या तळाशी जी जमीन गेली, ती मावळातील शेतकऱ्यांची होती. मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावे या योजनेने बाधित झाली. जमीन संपादनासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेण्यात आला. एका खाजगी कंपनीच्या प्रकल्पासाठी 'सार्वजनिक हिता'च्या नावाखाली जमीन घेता येते काय, हा प्रश्न तेव्हा प्रथमच इतक्या तीव्रतेने पुढे आला.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रहास प्रारंभ झाला. 'जान किंवा जमीन' ही या लढ्याची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' ही उपाधी मिळवून दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. महात्मा गांधींनी त्याच वर्षी 'यंग इंडिया'मधून या प्रश्नाची दखल घेत टाटांना आवाहन केले होते. काही काळ काम थांबले, परंतु नंतर ते पुन्हा सुरू झाले. डिसेंबर १९२४ मध्ये बापट व त्यांच्या साथीदारांनी धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडवली. या प्रकरणी बापट यांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपुष्टात आला.

या लढ्याचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. या आंदोलनात एक अंतर्विरोधही होता. पेट्यातील बरीचशी जमीन पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती. त्यांना मोबदल्यात रस होता, तर प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. अखेरीस मोबदला मिळाला, तरी जमीन वाचली नाही. मुळशीच्या काठावरील वाड्या-वस्त्यांत राहणाऱ्या धरणग्रस्तांच्या वारसांकडून राहत्या जागेचा हक्क आणि मूलभूत सुविधा यांसाठीच्या मागण्या त्यानंतरही होत राहिल्या आहेत. आज पर्यटक ज्या पाण्याकडे विरंगुळा म्हणून पाहतात, त्याच्याशी स्थानिकांचे नाते हे असे आहे.

दगडी भिंत पाणी कशी रोखते?

मुळशी धरणाची उंची सुमारे ४९ मीटर असून लांबी सुमारे दीड किलोमीटर आहे. ठोकळवाडी धरण सुमारे ५९ मीटर, शिरवता सुमारे ३९ मीटर, तर वळवण सुमारे २६ मीटर उंच आहे. ही सर्व भारस्थायी धरणे होत. म्हणजेच भिंत स्वतःच्या वजनाच्या जोरावर पाण्याला रोखून धरते.

पाण्याची खोली एक मीटरने वाढली की भिंतीवरील दाब प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे एक टनाने वाढतो. चाळीस मीटर खोलीवर तो चौरस मीटरला सुमारे चाळीस टन होतो. पाण्याची उंची दुप्पट झाल्यास भिंतीला ढकलणारा एकूण जोर चौपट होतो. यामुळेच अशा धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायथ्याशी रुंद असते.

भिंतीवर समोरून येणारा दाब जुन्या अभियंत्यांनाही ज्ञात होता. परंतु खालून येणाऱ्या दाबाची जाणीव बऱ्याच उशिरा झाली. पायाच्या खडकातील भेगांतून आणि दगडांमधील सांध्यांतून पाणी शिरते व भिंतीला वर उचलू पाहते. याला उद्धरण दाब म्हणतात. त्यामुळे भिंतीचे परिणामकारक वजन घटते. फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले आणि त्यात ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर उद्धरण दाबाचा विचार जगभर गांभीर्याने होऊ लागला.

भारतालाही असा अनुभव आला आहे. ग्वाल्हेरजवळील तिगरा धरण १९१७ मध्ये, बांधकाम पूर्ण झाले त्याच वर्षी फुटले आणि त्यात सुमारे एक हजार लोकांचा बळी गेल्याचे सांगितले जाते. पुण्याजवळील खडकवासला हे १८७९ मधील दगडी धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. वरच्या बाजूचे पानशेतचे मातीचे धरण फुटल्याने आलेला लोंढा त्याला पेलवला नाही. एखादे धरण स्वतः सुस्थितीत असले तरी नदीवरील दुसऱ्या धरणाचे संकट त्यावर येऊ शकते, हा या घटनेचा धडा होता.

वय झाल्यावर काय होते?

चुन्याचा दर्जा केलेल्या भिंतीतून पाणी सतत झिरपत राहिल्यास चुना हळूहळू विरघळून बाहेर येतो. भिंतीच्या कोरड्या बाजूस दिसणारे पांढरे ओघळ हे त्याचे लक्षण असते. सांधे पोकळ होत गेल्याने झिरपा वाढतो, भिंतीचे वजन कमी होते आणि आतील दाब वाढतो. यामुळे झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप ही जुन्या धरणाची नाडीपरीक्षा समजली जाते. जलाशयाची पातळी तीच असताना झिरपा अचानक वाढला किंवा पाणी गढूळ येऊ लागले, तर तो धोक्याचा इशारा मानला जातो.

सह्याद्रीत भूकंपाचा प्रश्नही आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीच्या कोयना भूकंपाने त्या धरणाला तडे गेले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रातील धरणांच्या मजबुतीचा नव्याने विचार करण्यात आला. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा या शासकीय दगडी धरणास १९६९ मध्ये तडा गेल्याचे आढळले होते. तेव्हा भिंतीला मागील बाजूने टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले.

जुन्या भिंतीवर उपाय नाहीत असे नव्हे. सांध्यांत दाबाने सिमेंटचे द्रावण भरणे, निचऱ्यासाठी छिद्रे पाडणे, मागील बाजूस काँक्रीटचा भराव घालणे हे रूढ उपाय आहेत. तामिळनाडूतील कदंपराई या दगडी धरणाच्या पाण्याकडील बाजूस २००५ मध्ये जलरोधक पटल बसवण्यात आले आणि झिरपा मोठ्या प्रमाणावर कमी झाला. मात्र हे सर्व खर्चिक असते आणि तो खर्च मालकाने करावयाचा असतो. खाजगी धरणांचा कळीचा मुद्दा येथेच आहे.

मालकाने दुर्लक्ष केल्यास?

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण हे दगडी नव्हे, तर मातीचे होते. मूळचे कालव्यासाठी बांधलेले हे धरण पुढे धनाढ्य उद्योगपतींच्या एका क्लबने मासेमारी व नौकाविहारासाठी घेतले. ॲण्ड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे त्या क्लबचे सभासद होते. धरणाच्या माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली करण्यात आला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावण्यात आल्या. तळाचे पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच काढून टाकले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत हे धरण फुटले आणि जॉन्सटाउन शहरातील २,२०९ लोकांचा बळी गेला. न्यायालयात क्लबवर किंवा त्याच्या सभासदांवर जबाबदारी निश्चित होऊ शकली नाही.

आपल्या देशात जयपूरच्या मानसागर तलावाचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. आमेरच्या वाटेवरील या तलावाचा बंधारा संस्थानी काळातील असून त्याच्या पाण्यात जलमहाल उभा आहे. तलाव सार्वजनिक असला तरी काठावरील सुमारे शंभर एकर जमीन पर्यटन प्रकल्पासाठी एका खाजगी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा करार रद्द ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम ठेवला, परंतु त्याची मुदत ३० वर्षांवर आणली. पाणी सर्वांचे आणि काठ एकाचा, अशी विभागणी झाली की विरंगुळ्याचे ठिकाणही वादाचा विषय होते, हे यावरून दिसते.

कायदा काय सांगतो?

भारतात धरण सुरक्षिततेचा स्वतंत्र केंद्रीय कायदा डिसेंबर २०२१ मध्ये अस्तित्वात आला. पंधरा मीटरपेक्षा अधिक उंचीची सर्व धरणे, तसेच दहा ते पंधरा मीटर उंचीची विशिष्ट निकष पूर्ण करणारी धरणे या कायद्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे वळवणपासून मुळशीपर्यंतच्या वर उल्लेखिलेल्या चारही धरणांना तो लागू होतो. कायद्यातील 'मालक' या संज्ञेत शासन आणि सार्वजनिक उपक्रमांबरोबरच कंपनी व व्यक्ती यांचाही समावेश करण्यात आला आहे.

कायद्यानुसार मालकावर पुढील प्रमुख जबाबदाऱ्या सोपवण्यात आल्या आहेत :

- धरण सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन करणे.
- दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, तसेच पूर आणि भूकंप यांनंतर धरणाची पाहणी करणे.
- झिरपा, दाब, भूकंप इत्यादींची नोंद घेणारी उपकरणे बसवणे.
- कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा तयार करणे.
- स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून धरणाचे सर्वंकष मूल्यमापन करून घेणे.
- देखभाल व दुरुस्तीसाठी पुरेसा निधी राखून ठेवणे.

या कायद्याखालील कामात अडथळा आणणाऱ्यास किंवा दिलेले निर्देश न पाळणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे जीवितहानी झाल्यास कारावासाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. देशपातळीवर राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरण आणि राज्य पातळीवर धरण सुरक्षा संघटना देखरेख ठेवतात. महाराष्ट्राची ही संघटना नाशिक येथे आहे.

पाण्यावर मात्र मालकाचा निरंकुश हक्क नसतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या योजनांद्वारे पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली आहे. कोणत्याही एका जलवर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट यांहून अधिक पाणी वळवता येत नाही. भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांना हे पाणी मिळावे, अशी मागणीही वेळोवेळी होत आली आहे.

पर्यटकांनी काय ध्यानात ठेवावे?

वीजनिर्मितीच्या धरणाभोवतीचे पर्यटन हे पाण्याच्या वेळापत्रकाशी बांधलेले असते. कोलाड येथे कुंडलिका नदीत चालणारा राफ्टिंगचा खेळ हे याचे उत्तम उदाहरण आहे. भिरा येथील वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही तेथे प्रवाह मिळतो. पाणी सोडले नाही, तर खेळही होत नाही. वळवण येथे गेल्या शतकातील सत्तरच्या दशकापासून कंपनीमार्फत महासीर माशांचे बीजोत्पादन केले जात आहे. धरणांचे असे अनेक उपयोग आहेत.

परंतु याच कारणाने धोकाही संभवतो. कोरडे वाटणारे नदीपात्र पाणी सोडल्यावर थोड्याच वेळात भरून वाहू लागते. अतिवृष्टीच्या काळात मुळशी धरणातून मुळा नदीत पाणी सोडले जाते, तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील नदीकाठच्या रहिवाशांनाही सतर्कतेचा इशारा दिला जातो. धरणाच्या भिंतीशी काहीही संबंध नसलेल्या दुर्घटनाही घडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात रेल्वेच्या मालकीच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळी प्रतिबंधात्मक आदेश लागू केले होते.

पर्यटकांनी भोंगा ऐकू येताच पात्राबाहेर पडावे, धरणाच्या खालील पात्रात मुक्काम करू नये आणि बंदी असलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये. खालच्या गावांतील नागरिकांना आपल्या वरच्या धरणाचा आपत्कालीन आराखडा तयार झाला आहे काय, त्यात आपले गाव समाविष्ट आहे काय आणि इशारा कोणत्या मार्गाने मिळणार आहे, हे ग्रामपंचायत व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारता येते. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या शेतकऱ्यांना कंपनीकडून किंवा सरकारकडून असे उत्तर मागण्याचा कायदेशीर मार्ग जवळपास उपलब्ध नव्हता. आज तो आहे. धरणाचा मालक शासन असो वा कंपनी, भिंतीची पाहणी नियमित होते किंवा नाही, हे विचारण्याचा अधिकार तिच्या खाली राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.